मदरबोर्ड आणि माया

आमच्या पिढीला बोर्ड दोनच ठाऊक. एक दहावी-बारावीची परीक्षा घेणारे आणि दुसरे वीज देणारे. पहिल्यापुढे वर्षातून एकदा हात जोडायचे, दुसऱ्यापुढे रोज दिवेलागणीला. २००५ साली वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, तरी आमच्याकडे बिल अजून ‘बोर्डाचे’च येते. तेव्हा २०२४ च्या जुलैत पुतण्या समोर येऊन बसला आणि “काका, बोर्डाचं एकदा फायनल करावं लागतंय,” असे गंभीरपणे म्हणाला, तेव्हा मी चष्मा पुसून घेतला. बारावीचा निकाल लागून दोन महिने होत आले होते, पोरगा चांगल्या मार्कांनी पास होता, आणि विजेचे बिल तर मी स्वतः भरून आलो होतो.

“आता कोणतं बोर्ड राहिलं रे?”

“मदरबोर्ड.”

माहूर हे आईचे गाव. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. गडावर रेणुकामाता, एका डोंगरावर अनसूयामाता, आणि खाली मातृतीर्थ, जिथे परशुरामाने आईचे अंत्यविधी केले अशी श्रद्धा आहे. तिन्ही डोंगरांत मिळून एकटे दत्तमहाराज तेवढे पुरुषपक्षाकडून उभे; तेही अनसूयेचे चिरंजीव म्हणूनच. अशा गावात राहून ‘आई’ दुकानातून पैसे मोजून आणायची आणि तीही चार-पाच जणींतून निवडून, हे ऐकायलाच विचित्र वाटते. वहिनींनी आतून विचारलेच, “भाऊजी, काय म्हणायलंय हे पोरगं? सत्तर हजाराचा डबा, अन् त्याला आई दुसरी?”

सत्तर हजार वहिनींचे होते. दादा गेल्यापासून त्या ब्लाउज शिवतात. नवरात्राच्या आधी महिनाभर आणि लग्नसराईत त्यांच्या मशीनचा आवाज रात्री बाराच्या पुढेही चालू असतो. आम्ही त्या आवाजावर झोपतो आणि तो थांबला की जागे होतो. त्या मशीनमधून काही वर्षांत निघालेले हे पैसे. पोराला इंजिनिअरिंगला नांदेडला जायचे होते, कॉम्प्युटर लागणारच होता. पण शिकण्यापुरता लॅपटॉप आणि गेम खेळायचा घरी जोडलेला कॉम्प्युटर यांतला फरक वहिनींना चांगला कळत होता. पोरगाही हुशार. सगळ्या बोलण्यात ‘गेम’ हा शब्द त्याने एकदाही काढला नाही. ‘ग्राफिक्स’ म्हणायचा. “पुढं थ्री-डी डिझाइनला लागतं,” म्हणायचा. पुढे लागते हे खरेच आहे. आत्ता कशाला लागते ते तो सांगत नव्हता एवढेच.

निवाडा माझ्याकडे आला. मी जन्मभर इतिहास शिकवला. एखादे स्थळ बघायचे झाले तर मुलीचा रंग आणि मुलाचा पगार बघणारी माणसे वेगळी, आणि तीन पिढ्यांची चौकशी करणारी माणसे वेगळी. मी दुसऱ्या प्रकारातला. म्हटले, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड ही सगळी मंडळी ज्या एका पाटीवर नांदणार, तिचे घराणे आधी बघू. पुतण्याने कपाळाला हात लावला. त्याला संध्याकाळपर्यंत उत्तर हवे होते; मी पंधरा दिवस घेतले.

आपल्याकडे घरी जोडलेला पहिला कॉम्प्युटर म्हणायचा तर मुंबईचा टिफ्रॅक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी तो बांधला. १९६० साली तो चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे बारसे केले. बाहेरून आणायला परकीय चलन नव्हते आणि शिकवायलाही कोणी नव्हते, म्हणून पोरांनी पुस्तके वाचून स्वतः जोडला; आमच्या घरातली परिस्थिती याहून फार वेगळी नव्हती. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. स्मृती २,०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने १० केबी. पुतण्याच्या यादीतल्या रॅमच्या एका काडीत अशा सोळा लाखांहून जास्त टिफ्रॅकची स्मृती मावते. हा हिशेब मी त्याला मोठ्या कौतुकाने सांगितला. तो म्हणाला, “काका, सोळा जीबी म्हणजे मिनिमम आहे.”

मदरबोर्ड नावाची वस्तू टिफ्रॅकच्या वेळी नव्हतीच. सांगाडे, तारा आणि तारांतून वाट काढणारी माणसे, असा तो संसार. आईचा खरा अवतार त्यानंतर. एका मोठ्या पाटीवर खाचा असतात आणि त्या खाचांत लहान पाट्या उभ्या बसतात. मोठी ती ‘मदर’ आणि लहान त्या ‘डॉटर’, म्हणजे लेकी. हे नाते इंग्रजीतच आहे, माझ्या पदरचे नाही. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाचा डबा झळकला. टपालाने सुटे भाग मागवायचे आणि घरी डाग देत बसायचे. किंमत ३९७ डॉलर. पडदा नाही, कळफलक नाही, समोर नुसती बटणे आणि दिवे, स्मृती २५६ बाइट. एवढ्यावर काय करायचे हे कोणालाच माहीत नव्हते, तरी मागण्यांचा पाऊस पडला. कारण एकच: आत शंभर तारांची एक सामाईक वाट होती आणि तिच्यावर रिकाम्या खाचा होत्या. आज काही नाही, पण उद्या काहीही बसवता येईल.

रिकाम्या खाचांवरून पुढे भांडणेही झाली. १९७७ साली ॲपल-२ निघाला तेव्हा स्टीव्ह जॉब्जचे म्हणणे पडले की खाचा दोन पुरेत, एक छपाईयंत्राला आणि एक मोडेमला. स्टीव्ह वॉझ्नियॅक म्हणाला, आठ पाहिजेत. नसतील तर दुसरा कॉम्प्युटर शोधा. आठ राहिल्या. त्या आठ खाचांच्या जिवावर ॲपल-२ पुढे पंधराएक वर्षे जगला. ज्याला रिकाम्या जागेची भीती वाटत नाही त्याच्या हाती बांधकाम द्यावे, हे आमच्या गल्लीतल्या गवंड्यालाही कळते. घरमालकाला कळत नाही.

मग आले १९८१. त्या वर्षी नांदेडला गुरू गोविंदसिंहजींच्या नावाचे इंजिनिअरिंग कॉलेज निघाले, आणि १२ ऑगस्टला अमेरिकेत आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. पाटीवर पाच खाचा, सुरुवातीची रॅम १६ केबी, आणि ४.७७ मेगाहर्ट्झचा इंटेल ८०८८. आयबीएमने आपल्या कागदपत्रांत तिला ‘आई’ म्हटले नाही. ‘सिस्टिम बोर्ड’ म्हटले. कंपनी मोठी, तिला नातीगोती परवडत नाहीत. पण एक उदारपणा तिने केला. पाटीचा सगळा नकाशा आणि आतल्या मूळ आज्ञावलीची, म्हणजे बायोसची, ओळन् ओळ पुस्तकात छापून ते विकायला ठेवले. समजूत अशी की छापले आहे म्हणजे हक्क आपला आहे, कोण नक्कल करतो? कॉम्पॅक कंपनीने काही लोकांना ते पुस्तक वाचायला लावले आणि बायोसने काय काय करायला हवे याची यादी काढून घेतली. मग ज्यांनी पुस्तकाला हातही लावला नव्हता अशा दुसऱ्या लोकांकडून नवे बायोस लिहून घेतले. १९८३ मध्ये यंत्र बाजारात. पाठोपाठ फिनिक्स कंपनीने तसलेच बायोस मागेल त्याला विकायला काढले. आई एकाएकी सार्वजनिक झाली.

आज माहूरचे पोरगे घरात बसून कॉम्प्युटर जोडू शकते, त्याचे मूळ या पुस्तकात आहे. नकाशा तिजोरीत राहता तर मदरबोर्ड दुकानात सुटा मिळालाच नसता. इतिहासात एखादा दस्तऐवज चुकून उघडा राहिला की काय होते, त्याचे याहून चांगले उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

भारतात ही आई पोचायला वेळ लागला. जकात एवढी की मुलगा परदेशातून आला की नातेवाईक त्याच्या आधी बॅग बघत. १९८४ च्या नोव्हेंबरात राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण आणले आणि सुटे भाग आणणे सोपे झाले. पुढे १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत त्या यादीतल्या मालावरची जकात शून्यावर आली. मधल्या काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडने मराठी भाषेला एक शब्द दिला: ‘असेम्बल्ड’. म्हणजे कंपनीचा नव्हे, पण कंपनीच्या कॉम्प्युटरात जे असते तेच असलेला, आणि स्वस्त. त्या रस्त्याचे पाटीवरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, हे तिथे माल घेणाऱ्या हजारांपैकी दहांनाही ठाऊक नसेल. नांदेडातही पुढे असेम्बल्डची दुकाने झाली. आमच्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तो तसलाच. त्याला हेडमास्तरांनी हार घातला होता, आणि हार घातल्यामुळे त्याच्या हवेची जाळी झाकली गेली होती.

त्या काळच्या मदरबोर्डाला वीज देणाऱ्या दोन पिना असत, पी-८ आणि पी-९ नावाच्या. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. काळ्या तारा मधे शेजारी-शेजारी आल्या तर संसार सुरू. उलट बसवल्या तर धूर. हातात बोर्ड घेतलेला प्रत्येक माणूस “काळ्याला काळी, काळ्याला काळी” असे पुटपुटत असे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवले, त्यात जोडणी एकच ठेवली आणि तीही उलटी बसणारच नाही अशी. ३०५ मिलिमीटर लांब आणि २४४ मिलिमीटर रुंद हे त्याचे पूर्ण माप. तीस वर्षे होत आली, अजूनही तेच भोकांचे माप चालते. कॉम्प्युटरच्या धंद्यात सगळे सहा महिन्यांत शिळे होते म्हणतात. पण स्क्रूची भोके तेवढी टिकून आहेत.

आता मुख्य भानगड सॉकेटची. सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, घरातल्या कर्त्याचा पाट. नव्वदीच्या मध्यात सॉकेट ७ नावाचा एक समंजस पाट होता. त्यावर इंटेलचा प्रोसेसर बसे, एएमडीचा बसे, सायरिक्सचाही बसे. पंगतीला सगळे चालत. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम-२ आणला तो कॅसेटसारखा उभ्या खाचेत बसणारा. दुसऱ्या कंपन्यांना ती पंगत बंद. दोनच वर्षांत इंटेल पुन्हा पाटावर आली, ३७० पिनांच्या. २००० मध्ये पेंटियम-४ साठी ४२३ पिनांचा पाट मांडला आणि वर्ष व्हायच्या आत उचलून ४७८ पिनांचा टाकला. ज्यांनी पहिला विकत घेतला होता ते पंगतीतून उठवल्यासारखे बघत राहिले. पुढची यादी तर मी वहीत उतरवून घेतली: ११५६, ११५५, ११५०, ११५१. जणू कोणी बाजारात भाव पाडून मागतो आहे आणि शेवटी एक रुपया वाढवून देतो आहे. गंमत म्हणजे हा ११५१ दोनदा आला. २०१५ चा वेगळा आणि २०१७ चा वेगळा. भोके तेवढीच, माप तेच, प्रोसेसर बरोबर बसतो, आणि चालत नाही. मी शाळेत असताना बदलून आलेला एक शिक्षक असाच होता.

इथे मला आमच्या माहूरची रायबागन आठवली. हे विषयांतर नाही. माहूरच्या देशमुखांची सावित्रीबाई. नवऱ्यामागे जहागीर सांभाळून रणात उतरली, आणि औरंगजेबाने तिला ‘रायबागन’ हा किताब दिला. १६६१ च्या फेब्रुवारीत ती कारतलबखानाच्या फौजेबरोबर कोकणात उतरत होती. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी पुढची आणि मागची वाट धरली. आत शिरताना खिंड रुंद वाटली होती. बाहेर पडायला वाटच नव्हती. शरण जा, हा शहाणपणाचा सल्ला खानाला रायबागननेच दिला. सामानसुमान तिथेच टाकून फौज जीव घेऊन परतली. तर सांगायचे ते हे की ज्या सॉकेटमध्ये पुढचा प्रोसेसर येणार नाही ते सॉकेट म्हणजे उंबरखीण्ड. शिरताना स्वस्त. निघताना रॅम, बोर्ड, प्रोसेसर, सगळे तिथेच टाकून निघावे लागते.

पुतण्याला ही उपमा पटली, पण त्याने तीच माझ्यावर उलटवली. “मग काका, इंटेलचं एलजीए १७०० कटाप. त्याची शेवटची पिढी येऊन गेली, पुढचं सॉकेट वेगळं आहे.” खरेच होते, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात १८५१ आले. शिवाय त्याच जुलैत इंटेलने आपल्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर जास्त व्होल्टेज खाऊन अस्थिर होतात हे मान्य केले होते. उरली एएमडीची दोन घराणी. एक जुने, एएम-४. २०१६ मध्ये आलेले, आणि २०२४ च्या जुलैतही त्याच्यासाठी नवे प्रोसेसर निघत होते. दुसरे नवे, एएम-५, २०२२ चे. निदान २०२७ पर्यंत हेच सॉकेट चालवू असे कंपनीने नुकतेच जाहीर केले होते.

एएम-४ ची हकिगत ऐकण्यासारखी आहे. इतकी वर्षे एकच पाट ठेवल्यामुळे त्यावर बसणाऱ्या प्रोसेसरांची नावे बायोसमध्ये मावेनात. बऱ्याच बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची. २०२० च्या मे महिन्यात कंपनी म्हणाली, आता जागा नाही, जुन्या बोर्डांवर नवा प्रोसेसर चालणार नाही. गिऱ्हाइकांनी असा काही गिल्ला केला की त्याच महिन्यात कंपनीने शब्द मागे घेतला. मग काही बोर्डवाल्यांनी काय केले, तर बायोसमधली चित्रे आणि रंगीत सजावट काढून टाकली, जुन्या प्रोसेसरांची नावे कमी केली आणि नव्यांना जागा करून दिली. लग्नघरात पाहुणे वाढले की आपण पलंग उभा करतो, तसे.

तेव्हा माझे मत जुन्या घराण्याकडे झुकत होते. रॅम स्वस्त, बोर्ड स्वस्त, पैसे उरतात, आणि माणसे माहितीची. पुतण्याचे मत नव्या घराण्याकडे. बोर्ड दहा हजारांच्या वर, रॅम डीडीआर-५ ची, महाग. आठवडाभर आमचे हे चालले. त्याने दरपत्रके आणली. मी वर्षे आणली.

वहिनी गळा कापत बसल्या होत्या, ब्लाउजचा. मान वर न करता म्हणाल्या, “माया कोणत्यात हाय?”

शिवण न करणाऱ्या वाचकांसाठी सांगतो. शिवताना आत जे कापड दुमडून जादा ठेवतात त्याला माया म्हणतात. अंग भरले, पोर वाढले, की शिवण उसवायची आणि माया सोडायची. चांगली शिंपीण ओळखायची ती बाहेरच्या नक्षीवरून नव्हे, ब्लाउज उलटा करून. तयार कपड्यांत माया नसते, म्हणून ते स्वस्त आणि देखणे असतात. वहिनींच्या हातचा ब्लाउज बायका आठ-आठ वर्षे घालतात आणि मग मुलीला देतात, याचे कारण त्यातली दीड बोट माया.

मी पंधरा दिवस चाळलेला पन्नास-साठ वर्षांचा इतिहास त्या एका शब्दात बसला. वॉझ्नियॅकच्या आठ खाचा म्हणजे माया. ४२३ चा पाट म्हणजे माया न सोडलेला रेडिमेड शर्ट. एएम-४ मधली माया सोडून-सोडून आता शिवणीपर्यंत आली होती. “नव्यातच आहे,” मी म्हणालो. पुतण्याने माझ्याकडे अशा काही प्रेमाने पाहिले की जन्मात पाहिले नसेल.

पण वहिनी एवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी त्याला समोर बसवून बोर्डाचे फोटो दाखवायला लावले. स्वस्तातल्या ए-६२० वर रॅमच्या खाचा दोन होत्या, दोन्ही भरणार. बी-६५० वर चार. “ह्या दोन रिकाम्या राहतेत का? मग हेच घे.” पोराने प्रामाणिकपणे सांगितले की चारही भरल्या तर डीडीआर-५ चा वेग जरा उतरतो. “उतरणारच,” वहिनी म्हणाल्या, “उसवल्यावर खूण राहतेच.” मग त्यांनी लखलखणाऱ्या रंगीत दिव्यांचा बोर्ड नामंजूर केला. दीड हजार जास्त होते दिव्यांचे. “लायटिंग गडावर बघायला जातो की आपण नवरात्रात. फुकट.”

एक गोष्ट मात्र पोराने अडवून धरली, आणि त्याचे बरोबर होते. बोर्डावर सॉकेटच्या बाजूला ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे असतात, ते मोठे हवेत. कारण सांगितले ते असे: बोर्डाला वीज येते १२ व्होल्टची, प्रोसेसरला लागते साधारण एक-सव्वा व्होल्टची. प्रोसेसर शंभर वॉट खातो म्हटले तर एवढ्याशा व्होल्टला तिथून शंभरच्या आसपास अँपिअर जातात. वीज बारावरून एकावर आणताना जो भाग तापतो त्याच्यावर ते ठोकळे. आमच्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असतो. कूलरचे पाणीसुद्धा कोमट. तिथे या भागात काटकसर करायची म्हणजे वणव्यात मेणबत्ती जपण्यासारखे. पूर्वीचे बोर्ड याच भागात मरत. १९९९ ते २००७ च्या सुमारास तर सदोष रसायन भरलेल्या कपॅसिटरांची साथच आली होती जगभर. बोर्ड उघडावा तर कपॅसिटर तळणीतल्या पुरीसारखे टम्म फुगलेले, काहींच्या डोक्यातून तपकिरी रस आलेला. दुरुस्तीवाला ते बदलून द्यायचा आणि जुने एका डब्यात जमा करून ठेवायचा. कशासाठी, ते त्यालाच माहीत.

ग्राफिक्स कार्डाबद्दल मी काही बोललो नाही. ती लेक आईच्या दुपटीहून महाग निघाली. लेकीचा खर्च आईपेक्षा जास्त असायचाच, त्यावर वाद घालण्याचे माझे वय नाही.

नांदेडला आम्ही दोघे गेलो. दुकानदाराने आधी तयार कॉम्प्युटर घ्या म्हणून आग्रह केला, मग दिव्यांचा बोर्ड दाखवला, मग जुन्या सॉकेटचा एक ‘शेवटचा पीस’ दाखवला. पोराने तिन्ही वेळा मान हलवली. सतराव्या वर्षी मी दुकानदाराला नाही म्हणू शकत नव्हतो. सदुसष्टाव्या वर्षीही जड जाते. खोकी घेऊन किनवटमार्गे परत येताना पाऊस लागला. माहूरच्या घाटात बस हेलकावू लागली तशी पोराने बोर्डाचा खोका मांडीवरून छातीशी घेतला.

जोडणी रविवारी. देवघरासमोर पाट मांडून, कारण घरातली सपाट कोरडी जागा तीच. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात. १,७१८ पिना, केसाएवढ्या. एक वाकली की बोर्ड बाद. पोराने श्वास धरून प्रोसेसर ठेवला आणि दांडी दाबली तेव्हा कर्र असा आवाज झाला. तो आवाज होतोच म्हणे. माझ्या पोटात गोळा आला. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. एका दाबात किती ब्लाउज होते याचा हिशेब त्या खोलीत तिघांनाही येत होता.

दोन तास झाले. बटण दाबले. पंखे फिरले. पडदा काळा.

एक मिनिट काळा. दोन मिनिटे काळा. पोराच्या कपाळावर घाम आला, त्याने बटणाकडे हात नेला. मी म्हटले, थांब. मी इतिहासात हे वाचले होते असे नाही. त्याच्याच मोबाइलवर आदल्या रात्री वाचले होते. डीडीआर-५ ची रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिची ओळख करून घेतो. कोणती तार किती उशिरा बोलते, कोणत्या वेगाला ती अडखळते, हे तपासत बसतो. त्याला पाच-पाच मिनिटेही लागतात, आणि तोवर पडद्यावर काही नाही. नवी सून आणि सासू पहिल्या दिवशी एका खोलीत बसल्या की बाहेर आवाज येत नाही, तसे. पोराने हात मागे घेतला, पण त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता. वहिनी आत गेल्या आणि निरांजन लावून आल्या. कोणी काही बोलेना. बाहेर पाऊस, आत पंख्यांची घरघर. त्या वेळी जर लाईट गेली असती तर... पण गेली नाही.

चौथ्या मिनिटाला पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटले.

पोरगा ओरडला नाही. त्याने वळून आईकडे पाहिले आणि नुसताच हसला, हुबेहूब दादासारखा. वहिनी पुढे झाल्या, वाकून डब्याच्या आत बघितले, आणि बोटाने न शिवता रिकाम्या खाचा मोजल्या. “दोन,” म्हणाल्या, आणि शिवायला निघून गेल्या.

ऑगस्टात तो नांदेडला राहायला गेला. जड ग्राफिक्स कार्ड प्रवासात खाचेत ठेवले तर हिसक्याने बोर्डाला इजा होते, म्हणून ते काढून वेगळे न्यायचे ठरले. वहिनींनी ते खणाच्या कापडात गुंडाळून दिले, आणि डब्यात सगळीकडे ब्लाउजच्या चिंध्या कोंबल्या. स्टँडवर डबा सीटखाली सरकवला, कार्ड पोराच्या मांडीवर. कंडक्टरने डब्याकडे बोट करून विचारले, “ह्याचं लगेज फाडावं लागतंय. मांडीवर काय हाय?”

“लेक हाय,” वहिनी खिडकीबाहेरून म्हणाल्या, “तिचं तिकीट लागत नाही.”

कंडक्टरने खणाच्या गाठोड्याकडे एकदा पाहिले, पोराकडे एकदा पाहिले, आणि डब्याचेच तेवढे तिकीट फाडले.